पाटावरच्या गिरणीचं चाक

गिरणीचं चाक माझ्या वखारीत दोन वर्षं उभं होतं. भंगाराचा धंदा करणारा माणूस लोखंड सांभाळून ठेवत नाही. मी ठेवलं, कारण ते मागायला कोणीतरी येणार हे मला ठाऊक होतं.

मुरबाडच्या पुढे, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी कापडाची एक छोटी गिरणी होती. ओढ्याला बांध घालून पाणी पाटानं आणलेलं. पाटाच्या तोंडाशी हे चाक, चाकापासून आत गेलेला एक लांब दांडा आणि दांड्यावरच्या पट्ट्यांवर चालणारे माग. पंचे आणि जाडंभरडं कापड निघायचं. गावात वीज आली तरी गिरणी पाण्यावरच चालली.

माझा बाप तिथला पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा आणि अडवणारा. पाटाच्या दाराला लाकडी फळ्या असत. पाणी कमी करायचं तर एक फळी टाकायची, थांबायचं, मग दुसरी. घाई केली तर पाणी मागे तुंबून पाट फोडतं. हे बापाइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यानंच एका दुपारी सगळ्या फळ्या एकदम टाकल्या. पाट फुटला. कापणीला आलेलं भात चिखलात गेलं. गिरणी आधीच रडतखडत चालली होती. मालकानं पाट पुन्हा बांधला नाही.

बाप दारू प्यायला होता, असं गावानं ठरवून टाकलं. बाप काही बोलला नाही. बोलायचो मी. ‘गिरणीबुडव्याचा’ असं जो म्हणेल त्याच्या अंगावर जायचो. म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा सौदा करायला शिकलो. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव ठरवायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पहिलं जमलं. दुसरं आजवर जमलेलं नाही.

मालकाच्या नातवानं गिरणी मोडीत काढली तेव्हा सगळं लोखंड मीच उचललं. मग त्यानं तिथं रिसॉर्ट बांधलं, आणि एक दिवस तो वखारीत आलाच.

“काका, ते चाक परत हवंय. शोभेला लावतोय. गिरणीच्या इतिहासाचा बोर्डपण करतोय.”

त्यानं मोबाइलवर मजकूर दाखवला. आजोबांचं कौतुक, पाटाचं कौतुक, आणि शेवटी: ‘पाटकऱ्याच्या बेपर्वाईने पाट फुटला व गिरणी बुडाली.’

“काय घ्याल चाकाचं?”

“ही ओळ काढ. चाक फुकट ने.”

“पण काका, खरंच आहे ना ते?”

मी असा ओरडलो की बाहेर ट्रक भरणारी माणसं थांबली. तो निघून गेला, प्रश्न मात्र वखारीतच राहिला. आठ दिवस मला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचो आणि चाकाभोवती फिरून यायचो.

शेवटी गिरणीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईकडे गेलो. तिथल्या कामगारांत तेवढीच उरली होती. आता तीही नाही, म्हणून हे लिहितो आहे. तिचं गाव मात्र सांगणार नाही.

ओट्यावर नाचणी पाखडत होती. “बस रे. उभ्यानं काय इचारतोस?”

“बाप प्यालेला होता का त्या दिवशी?”

तिनं सूप खाली ठेवलं. घरात कोणी आहे का ते पाहिलं आणि डोक्यावरचा पदर मागे घेतला. कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते. कातडी नुसती चकाकत होती.

“पट्ट्यात केस गेले माजे. वर खेचली जात होते. आतून बाया वरडल्या, पानी तोडा! तुज्या बापानं तोडलं. एकेक फळी टाकीत बसला असता तर मी आज नाचनी पाखडली नसती.”

“मग कोणीच कसं बोललं नाय?”

“लगीन ठरलं होतं माजं. आई तुज्या बापाच्या पाया पडली, बोलू नको म्हणून. मालकानं आतल्या बायांना दम दिला. त्यालापन तेच पायजे होतं, नायतर अपघात त्याच्या अंगावर आला असता.” ती हसली. “तुज्या बापाला वाटलं असंल, लग्नापर्यंत गप राहायचं. मग पोरं झाली, नातवंडं झाली. तो गपच.”

“आता बोर्डावरच लिहायला लावतो.”

“लावून तर बघ! माजी सून तिथं कामाला जाते. तिनं काय रोज ते वाचायचं?”

परत येताना मालकाच्या नातवाला फोन केला. “‘बेपर्वाई’ काढ. ‘बुडाली’ काढ. लिही, पाटकऱ्याने सगळ्या फळ्या एकदम टाकून गिरणी थांबवली.”

“का थांबवली, असं लोक विचारतील.”

“विचारू दे.”

चाक फुकट दिलं. आयुष्यात एवढा पडता सौदा मी केलेला नाही.

ती बाई हयात होती तेव्हाच एकदा रिसॉर्टपाशी गाडी उभी केली. एक जोडपं चाकापुढे फोटो काढून बोर्ड वाचत होतं.

“का थांबवली असेल हो?” बायकोनं विचारलं.

“प्यायला असेल.”

मी दार उघडून उतरलो, दोन पावलं गेलो. तेवढ्यात त्या कांड्यावाल्या बाईची सून झाडू घेऊन बाहेर आली आणि चाकाखालचा पाचोळा लोटू लागली. मी मागे फिरलो आणि गाडीचं दार धरून उभा राहिलो. जोडपं निघून गेलं तेव्हा कुठे दार सोडलं. बापानं हे रोज कसं केलं असेल?