ओठांवरचं बोलणं

कांडीवालीचे कान नेमके कधी गेले ते कुणालाच सांगता यायचं नाही, तिला स्वतःलाही नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. तिथे सगळे माग एकदम धडधडू लागले की शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी काही म्हणता काही ऐकू येत नाही. मग बायका आवाज न काढताच बोलतात. एकीने ओठ हलवायचे, दुसरीने ते वाचायचे. सासूची उणीदुणी, जावेची चहाडी, मालकाची टिंगल, सगळं ओठांवर चालतं, आणि मालक मधोमध उभा असला तरी त्याला पत्ता लागत नाही. अशा जागी एखादीचे कान हळूहळू निकामी झाले तर कळणार कुणाला?

घरी कळलं असतं, पण घरी होतं कोण? नवरा ट्रकवर, उगवला तर उगवला. राहिली एकुलती एक लेक. तिला लहानपणापासून आईच्या समोर बसूनच बोलायची सवय. संध्याकाळी दोघी भाजी निवडायला बसल्या की पोरीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कुणी कुणाशी कट्टी घेतली, कुणाचा डबा सांडला, बाईंनी कुणाचा कान पिळला! कांडीवाली हातातली भाजी विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. दिवसभरात तिच्याशी मनापासून बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि तेवढं तिला पुरायचं.

पोरीला इंग्रजी शाळेत घातलं तेही तिनेच, हौसेने. यंदा वर्गावर नव्या बाई आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं. रोज दहा नवे इंग्रजी शब्द पाठ करायचे, आणि घरी बोलताना घरच्या शब्दांच्या जागी तेच वापरायचे. पोरगी आज्ञाधारक, तेही जरा जास्तच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्यात ते शब्द येऊ लागले.

सुरुवातीला गंमत वाटली. "काय म्हणालीस? परत म्हण बघू," असं आई म्हणायची, लेक ऐटीत शब्द सांगायची, अर्थ सांगायची, दोघी हसायच्या. आई आरशासमोर उभी राहून तो शब्द तोंडाने करूनही बघायची. पण ओठ वाचायचे म्हणजे ओळखीचा शब्द ओळखायचा. जो शब्द कान धड होते तेव्हाही कधी ऐकला नाही, तो नुसत्या ओठांवर कुठून ओळखणार? मोठ्या मुश्किलीने चारदोन पदरात पडेपर्यंत पुढचे दहा दारात हजर असायचे. पोरगी भराभर पुढे निघाली होती, आणि ते आपल्याच पैशाने, आपल्याच हट्टाने, हे आईला दिसत होतं. तक्रार तरी कुणाकडे करणार?

एकदा धीर करून ती शाळेत गेली. "बाई, घरी तरी तिला आपलं साधं बोलू द्या," एवढंच म्हणायचं होतं. बाई चांगल्या होत्या हो, पण कामात होत्या. फळ्यावर लिहिता लिहिता त्या बोलल्या आणि कांडीवालीला दिसला फक्त त्यांचा अंबाडा. मग वळून त्या गोड हसल्या. कान गेल्याचं चारचौघांत सांगायची हिला लाज वाटली. "हो बाई, बरं बाई," म्हणून ती परत आली. लेकीने विचारलं, बाई काय म्हणाल्या? काय सांगणार, कपाळ?

हळूहळू "परत म्हण"चा लेकीला कंटाळा येऊ लागला. संध्याकाळच्या गप्पा आखडल्या.

आणि मग एक दिवस पोरगी शाळेतून आली ती रडून रडून डोळे सुजवून. आईसमोर बसली आणि बोलत सुटली. आईने जीव डोळ्यांत आणून पाहिलं. "बाईंनी सगळ्यांसमोर..." पुढचं गेलं. "सगळ्या हसल्या..." पुन्हा गेलं. "आई, मी नाही गं..."

"काय नाही, बाळा? काय म्हणाल्या बाई? मारलं का?"

पोरीने जोरात नकाराची मान हलवली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. शाळेत जे घडलं ते इंग्रजीतच घडलं होतं, त्यामुळे ऐन दुखऱ्या जागी तेच शब्द येत होते. त्यात रडण्याने ओठ वाकडे होत होते. कांडीवालीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हळू सांग. आपल्या शब्दांत सांग ना."

पोरगी थांबली. तिने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. "त्याला आपल्यात काय म्हणतात, मला नाही येत," ती म्हणाली.

आईने कागद-पेन्सिल पुढे सरकवली. पोरीने ती बाजूला सारली. आईने तिचे हात चाचपून पाहिले, पाठ पाहिली, कुठे वळ नव्हता. कुणी चोर म्हणालं का? कुणी आईवरून बोललं का? काय काय मनात आलं! पोटची पोर हाताच्या अंतरावर रडत होती आणि कशासाठी, तेच कळत नव्हतं.

शेवटी पोरीने बाहीने नाक पुसलं. आईच्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. तिला आईची दया आली असावी. मग एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली,

"काही नाही."

तेवढं मात्र कांडीवालीला लख्ख वाचता आलं.