पोकळ तोंडाची कात्री

कात्री विकत घेण्याआधी शेषरावनाना खिशातून सुरूच्या झाडाची काडी काढत, दुकानातच कापत आणि कापल्या जागेवरून अंगठा फिरवत. बीडच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते हे करताना. दुकानदार वैतागला होता. "नाना, कात्री घेताय का सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच हाय बे. जखम झाडाला जलमभर वागवायची हाय."

नाना मांजरसुंब्याच्या एका गॅरेजात फिटर होते. घरच्या अंगणात एकच बोन्साय: पसरट कुंडीतला, हातभर उंचीचा, तीस वर्षांचा सुरू. बातमीसाठी गेलो आणि पुढे जात राहिलो. शेंड्यांना ते लांब पात्यांची बारीक कात्री वापरत, खोडालगतच्या फांदीला पोकळ तोंडाची. सरळ कात्री खुंट ठेवते. पोकळ तोंडाची किंचित खळगा पाडते, मग साल वरून मिळून येते. "हाताला बरी वाटती म्हणून कात्री घिऊ न्हाई," ते म्हणत. "झाडाला काय सोसंल ते बघावं." हा सुरू बुडातून कापला तर पुन्हा फुटणार नाही, हेही त्यांनीच मला सांगितले होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून त्यांनी बायकोला, कौसाबाईंना, फोनवर सांगितले: खालची वाळकी फांदी तेवढी पोकळ तोंडाच्या कात्रीने काढ. तोवर निम्मे झाड पिवळे पडले होते. कौसाबाईंनी तरुणपणी अनेक हंगाम ऊस तोडला होता. ऊस जमिनीलगत तोडला की त्याच बुडख्यातून खोडव्याचे पीक जोमाने येते, हे त्यांना पक्के ठाऊक. कात्री त्यांना बोथट वाटली. त्यांनी कोयता घेतला आणि एका घावात सुरू बुडातून कापला.

नानांना घरी आणले तेव्हा मी सोबत होतो. अंगणात येताच ते कुंडीपाशी थांबले.

"लई वाळलं हुतं," कौसाबाई म्हणाल्या. "आता खोडव्यावानी फुटंल बगा."

नानांनी डावा अंगठा कापावरून फिरवला.

"साफ कापलंस," ते म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी ते खाटेवरून विचारत, "पानी घातलंस का गं?" मी तिथे असलो तर माझ्याकडे पाहत नसत. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

परवा गेलो. खुंट राखाडी पडला होता, साल सुटली होती. माती ओली होती.

"तुमी पेपरवाले, तुमाला ठावं आसल," कौसाबाई म्हणाल्या. "फुटायला आजून किती दिस लागत्यात?"

"लागतील थोडे," मी म्हणालो.

त्या तांब्या भरायला आत गेल्या.