‘धरमतरचा बदला’ शेवटपर्यंत कोणी बघितला?

गणपतीच्या कारखान्यात हात कामात असतात आणि तोंड रिकामं, त्यामुळे किस्से साठत जातात. एका टोकाला घासकाम करणारा काहीतरी सांगतो. ते दुसऱ्या टोकाच्या रंगाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यावर दोन हात रंग चढलेला असतो! मी स्वतः कमी बोलतो. नववीत शाळा सोडून पेणच्या या कारखान्यात लागलो, तेव्हापासून कोपऱ्यात बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो आणि ऐकतो. ऐकलेलं आता फार झालंय, म्हणून आमच्या शेठच्या पिक्चरचे थोडे किस्से लिहून काढतो. यांतले बरेचसे माझ्यासमोर घडलेत.

शेठ म्हणजे जनूशेठ, कारखान्याचे मालक. त्यांच्या पिक्चरचं नाव ‘धरमतरचा बदला’. पेणपासून रोह्यापर्यंत हे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. पूर्ण बघितलेलाही सापडायचा नाही! आता तर आमच्याकडे चहा बिघडला तरी लोक म्हणतात, "काय रे, धरमतरचा बदला केलास काय?"

लोकांना खरा प्रश्न वेगळाच होता. पैसा आला कुठून? कारखान्याचे पत्रे गळतात आणि शूटिंगला ड्रोन, क्रेन, वर जेवायला जिताड्यासारखा महागडा मासा! कोणी म्हणे, मिठागरात हंडा सापडला. कोणी म्हणे, हायवेत जमीन गेली. शेठकडे जमीन कधी नव्हतीच, तरी ती गेली!

शेठ नुसते हसायचे. एकदा मात्र चिडले आणि भर चौकात म्हणाले, "जो कोण माझा पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघल, त्याला सांगीन पैसा कुठून आला. बाकीच्यांनी विचारायचा नाय!"

एका तरी माणसाने पूर्ण बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी लपवलीही नाही.

*

पिक्चर असा का झाला, तर शेठनी तो गणपतीसारखा बनवला म्हणून.

आमच्याकडे एक मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी करत नाही. आज सगळ्यांचे हात जोडायचे, उद्या सगळ्यांची सोंड घासायची, परवा सगळ्यांची पितांबरं रंगवायची. शेठ म्हणाले, "पिक्चरला वेगळा नियम कशाला?"

मग एक दिवस सगळ्यांच्या रागाचा ठरला. हिरो, हिरोईन, पोलीस, व्हिलन, सगळे सकाळपासून ओळीने रागावत होते. आमचे हेड रंगारी दत्ताभाय व्हिलन होते. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. त्यांनी विचारलं, "शेठ, पण मी रागावलोय कोणावर?"

शेठ म्हणाले, "तू रागाव. माणूस मागाहून जोडू!"

*

आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती एकाच हाताची लागते. नाहीतर एक गणपती इकडे बघतो, एक तिकडे. म्हणून शेठनी ठरवलं, पिक्चरमध्येही डोळे एकाचेच घ्यायचे.

"आखणी कोण करतो? हा करतो ना? मग डोळेपण याचेच!"

मला खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा तोंडाजवळ आणला. मला तर समोर पाहुणा आला तरी वर बघवत नाही. मी जे खाली बघितलं ते शूटिंग संपेपर्यंत. हे डोळे शेठनी सगळ्यांना लावले. त्यामुळे पिक्चरमध्ये पोलीस लाजतो, सावकार लाजतो, आणि व्हिलन कोयता घेऊन हिरोच्या बापाचा खून करायला निघतो, तेव्हा तर फारच लाजतो!

आईला घेऊन गेलो होतो पेणच्या खेळाला. मध्यांतराला ती हळूच म्हणाली, "बाला, तू व्हिलन हायस का हिरोईन, तेवढा सांग. शेजारी इचारतान."

*

हिरो बाळ्या. कासू गावचा, टेम्पो चालवतो. दिसायला बरा, पण ॲक्टिंग करताना त्याचा खांब व्हायचा.

धरमतरला जेटीवर शूटिंग होतं. बाळ्याने उडी मारून मुंबईच्या मालवाहू बार्जवर चढायचं आणि ओरडायचं, एवढाच सीन. बाळ्या चढला. पण त्याच वेळी भरती पुरी झाली आणि बार्ज सुटला! खाडीतल्या माणसाला भरती कळते, पिक्चरवाल्याला कळत नाही.

बाळ्या कठड्यावरून हात हलवून बोंबलत होता, "शेठ! ओ शेठ! माझा टेम्पो रस्त्यात उभा हाय!"

शेठ कॅमेरावाल्याच्या पाठीवर थाप मारत होते, "घे, घे! जन्मात असा बोलला नाय हा!"

बाळ्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून एसटीने परत आला. पिक्चरमध्ये तेवढा एकच सीन खरा वाटतो.

*

मारामारीचा मोठा सीन शेठच्याच गच्चीवर ठरला. तिथे काकींचे पापड वाळत होते. काकी म्हणजे शेठच्या बायको. आळीतल्या बायकांना घेऊन त्या विकायला पोह्याचे पापड करतात. होळीच्या आधीपासून पाऊस लागेपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते.

शेठ म्हणाले, "तासाभरासाठी उचल गो."

काकी म्हणाल्या, "ओले पापड उचलतात काय? तुमची मारामारी उचला!"

शेवटी तसंच शूटिंग झालं. हिरो आणि व्हिलन पापडांच्या मधल्या वाटेने, परकर सावरल्यासारखे, एकेक पाऊल जपून टाकत एकमेकांच्या अंगावर जातात. दत्ताभाय ठोसा मारायच्या आधी मागे वळून बघतात. बाळ्या ठोसा खाऊन पडायचं ते पडत नाही, कारण पडायला जागाच नाही. आणि मध्येच काकींचा आवाज आलाय, तो काढायचा राहिला:

"दत्ता, पापड मोडला तर डोसका मोडीन!"

व्हिलन ताबडतोब हात खाली करतो.

*

पिक्चर जोडायचं काम पनवेलच्या एका पोराला दिलं. तो लग्नाचे व्हिडिओ करायचा. त्याने सवयीप्रमाणे हिरोच्या बापाच्या मयतावर चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या आणि मध्ये बदामात बापाचा फोटो फिरवला.

आम्हाला वाटलं, आता शेठ त्याला हाणतात. शेठनी डोळे पुसले. म्हणाले, "बरोबर हाय. मयताला फुलं नकोत?"

*

पैशाचं गुपित कळावं म्हणून बरेच जण ईर्ष्येने बसले. कारखान्यासमोरचा चहावाला सखाराम तर घरून उशी घेऊन आला होता. सगळे उठले, सखाराम तेवढा राहिला. लाईट लागल्यावर शेठ धावत गेले. तो नुकताच जागा होत होता.

"बघितला शेठ, पूर्ण बघितला! आता सांगा."

शेठ म्हणाले, "मग सांग, शेवटी कोण मेला?"

सखाराम म्हणाला, "मीच मेलो, शेठ!"

*

रोह्यातला शेवटचा खेळ एका मंगल कार्यालयात होता. कार्यालयवाल्याने आधीच सांगितलं होतं, "आज पण हॉल रिकामा झाला तर परत मागू नका." दुसरं कोणी जागा देत नव्हतं. शेठ सकाळपासून जेवले नव्हते.

हॉल भरला! मध्यांतर झालं तरी लोक हलेनात. शेठ दारात उभे होते, त्यांना काय करू नि काय नको झालं. तेवढ्यात एका आजोबांनी मला विचारलं, "पंगत कधी बसणार?" मंगल कार्यालय म्हटल्यावर लोक जेवणासाठी थांबले होते. जेवण नाही म्हटल्यावर हॉल असा रिकामा झाला, की पंखे मोठ्याने ऐकू यायला लागले.

शेठ दारातच पायरीवर बसले. आत बघायची त्यांची हिंमत होईना.

पिक्चर संपला. मी आणि बाळ्या खुर्च्या आवरायला आत गेलो, तर मधल्या रांगेत काकी! रोहा त्यांचं माहेर. भावाकडे आल्या होत्या, तिथून परस्पर येऊन बसल्या होत्या. मांडीवर पापडांची पिशवी, पाठ सरळ.

बाळ्या दाराकडे धावला, "शेठ! काकींनी बघितला! पूर्ण!"

शेठ आत आले. जवळ जाऊन हळू विचारलं, "कसा वाटला गो?"

"वाईट," काकी म्हणाल्या. "पण शेवटी ती म्हातारी खाडीत दिवा सोडते ना, ते बरं केलंत. मला आई आठवली."

त्या दिव्यापर्यंत आजवर कोणी पोचलंच नव्हतं. शेठनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

बाळ्याला दम निघेना. "काकी, आता विचारा! पैसा कुठून आला ते विचारा!"

"विचार गो," शेठ म्हणाले. "शब्द दिलाय मी."

"मी कशाला विचारू? मला ठाव हाय. तुम्हीच सांगा."

शेठ छाती काढून म्हणाले, "कुठून म्हणजे? आपल्या गणपतींचा पैसा! कष्टाचा!"

काकी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "गणपतींचा? अहो, रोज संध्याकाळी गल्ला माझ्या हातात टाकता आणि सकाळी लागतील तेवढे मागता. टाकता किती आणि मागता किती, कधी बघितलंत? गणपतींवर छपराचा पत्रा नाय बदलला, ड्रोन कुठून उडेल?"

शेठ बघतच राहिले. आम्हीपण.

"मग कुठून गो?" शेठनी विचारलं.

काकींनी शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बसा हितं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. मग सांगीन."

आता शेठ प्रत्येक खेळाला दारात उभे, उठणाऱ्यांना "अरे, पुढं मस्त हाय!" म्हणत. बसून त्यांनी कधी बघितलाच नव्हता. कार्यालयवाल्याला हातापाया पडून पिक्चर परत लावला. शेठ काकींच्या शेजारी ताठ बसले. मी आणि बाळ्या बाहेर थांबलो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि दार उघडलं. शेठ एकटेच बाहेर आले.

"काय शेठ?" बाळ्याने विचारलं.

शेठनी चपला घातल्या. म्हणाले, "पैसा आला ना? आला. पिक्चर झाला ना? झाला. मग! चहा सांग."