जाऊच्या वावरातलं सीतादही

माझी नात चीनमध्ये डॉक्टरकी शिकते. परवा फोनवर सांगत होती, तिथं नवं वर्ष लागायच्या आधी चुलीच्या देवाचा सण असतो. हा देव वर्षभर स्वयंपाकघराच्या भिंतीवरून घरातलं सगळं बघतो आणि वर्ष सरताना वर जाऊन सांगतो. म्हणून निघायच्या दिवशी लोक त्याच्या ओठांना चिकट गोड पाक फासतात. एक तर त्यानं गोड बोलावं, नाही तर दातच चिकटून बसावेत.

"आपल्याकडे असं काही असते का वं आजी?"

"आपली सीतामाय चुगल्या नाही करत," मी म्हटलं. "तिचं तोंड गोड नाही, थंड करा लागते. मी एकदा पोळवलं होतं."

तेवढ्यात फोन कटला. पुन्हा लावायचा कंटाळा आला. हल्ली बोलायचाही थकवा येतो, म्हणून लिहून ठेवते.

आमच्याकडे कपाशी फुटली की पहिल्या वेच्याआधी वावरात सीतादही करतात. कपाशीच्या एका पऱ्हाटीखाली पाच दगड मांडायचे, चुन्यानं पांढरे करायचे, हळदकुंकू वाहायचं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. थोडा भात चारी दिशांना फेकायचा. हे झाल्याशिवाय वेचणाऱ्या बाया बोंडाला हात लावत नाहीत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. अळी बोंडात शिरायची आणि पाऊस नको तेव्हा यायचा. एखाद्या घरी माणूस गेला की गावात पेपरवाल्यांच्या गाड्या यायच्या, कर्जापायी जीव दिला का याची विचारपूस व्हायची. माझा धाकटा दीर त्या पावसाळ्यात काविळीनं गेला, तेव्हाही एक गाडी आली. आतल्या माणसांनी "नक्की कावीळच ना?" असं दोनदा विचारलं आणि चहा न घेता निघून गेली. जाऊ दारात कप घेऊन तशीच उभी. त्यांच्या लेखी माझा दीर चुकीच्या दुखण्यानं मेला होता.

पुढे कपाशी फुटली. अळीनं अर्धी खाल्ली होती, उरलेली तरी वेळेवर घरी यायला हवी होती. जाऊनं गावातल्या दुकानातून दिग्रसला आमच्याकडे फोन लावला.

"बाई, तुम्ही या. सीतादही सवाष्णीनंच करा लागते म्हणतात. बाया उद्या येतो म्हणून राह्यल्या. उद्या नाही झालं तं त्या दुसऱ्याच्या वावरात जातीन, अन् आभाळ भरून आलं हाये."

मी कारकुनाची बायको. वावराशी माझा संबंध हुरड्यापुरता. पण बोलावणं आल्याबरोबर अंगात अशी काही विद्वत्ता संचारली की विचारू नका. कडक खळीचं नवं पातळ नेसले. सकाळपासून पोटात काही घेतलं नाही. उपवास कुणी सांगितला नव्हता, तो माझा मीच धरला. स्टीलच्या दोन सारख्या डब्यांत दही आणि भिजवलेला चुना घेतला. जाऊच्या घरच्या दह्यावर माझा भरवसा नव्हता. एसटीत कोणता डबा कोणत्या हाताला होता, ते खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यानं ठरवलं.

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, बाया बसल्या होत्या. मी दगड मांडले आणि चुना लावायला घेतला. तो काही केल्या दगडावर ठरेना, नुसता ओघळत होता.

"आजकालच्या चुन्यात दम नाही राह्यला," मी सुनावलं.

वेचणाऱ्यांत एक म्हातारी होती. तिला सगळ्या मावशी म्हणत. ती वाकून बघत म्हणाली, "मुंग्या लागून राह्यल्या बाई चुन्याले."

"शुभ असते ते," मी ठोकून दिलं.

मग जाऊनं आणलेल्या भातात पळीनं दही कालवलं. चांगलंच घट्ट होतं. मनात म्हटलं, म्हशीचं दूध आहे, होणारच. देवीपुढे ठेवून वर ऐटीत हळदीची चिमूट सोडली.

भात लाल झाला. बघता बघता, बोटं कापल्यासारखा.

 मग मागून एक बाई पुटपुटली, "रगत हाय ते." दुसरीनं कापूस भरायला कमरेला बांधलेला कापडी ओटा सोडायला घेतला. "देवी कोपली. मी नाही लावत या वावराले हात." तिच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. मी घाबरून तोंडाला येईल ते स्तोत्र म्हणू लागले, त्यात आरत्याही मिसळल्या.

जाऊ उठणाऱ्या बायांकडे बघत होती. मग ती खाली बसली, भाताचं एक शीत बोटावर घेऊन तिनं हुंगलं.

"बाई," ती म्हणाली, "हा चुना हाये. हळदीत चुना पडला तं लाल नाही होईन तं काय होईन?"

"मंग दही कुठं गेलं?" मावशीनं विचारलं. सगळ्यांनी दगडांकडे पाहिलं. "दगडाईनं जेवून घेतलं म्हणा."

बाया हसल्या. जाऊ हसली म्हणजे तिनं नाकातून हवा सोडली. दीर गेल्यापासून तेवढीही सोडलेली मी पाहिली नव्हती. पण हसून नैवेद्य होत नाही. उठलेल्या बाया उभ्याच होत्या.

"तुह्या शिदोरीत काय हाय वं?" मावशीनं जाऊला विचारलं.

"दहीभातच हाये. एकटीसाठी भाकर थापाले जीव नाही होत. पण माह्या हातचा कसा चालन?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मोठी जाऊ, शहरातली, शास्त्र जाणणारी. खरं सांगायचं तर मी शास्त्राचा विचारच केला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, पातळाची खळ कमरेला काचत होती, पोटात भुकेनं गोळा उठला होता. परत घरी जाऊन दही आणायचं म्हणजे चालणं आलं.

"चालते," मी म्हटलं. "दे लवकर."

इतक्या ठसक्यात म्हटलं की कुठे लिहिलंय, हे कुणी विचारलं नाही. जाऊनं डबा उघडला, स्वतःच्या हातानं भात ठेवला, चारी दिशांना फेकला. हळद तिनं टाकली नाही. मग पहिलं बोंड तिनंच वेचलं. अर्धं किडकं होतं. बायांनी ओटे बांधले आणि ओळी धरल्या. मी धुऱ्यावर बसून उरलेला दहीभात संपवला आणि तिथंच डुलक्या काढल्या.

पुढं नातेवाइकांत माझी 'सुधारलेल्या विचारांची बाई' अशी ख्याती झाली. मीही ती खोडून काढली नाही; एवढा मान कुठं फुकट मिळतो?

पुढच्या वर्षी कपाशी फुटायच्या सुमारास मी फोनकडे लक्ष ठेवून होते. फोन आला नाही. जाऊनं तिचं तिनंच केलं. त्याच्या पुढच्या वर्षी ऐकलं की शेजारच्या वावरात तिच्यासारखीच एक बाई एकटी पडली होती, तिनंही सीतादह्याला जाऊलाच बोलावलं. मला कुणीच बोलावलं नाही. दोन दिवस मी फुगून बसले. तिसऱ्या दिवशी वाटलं, बरंच झालं. एसटीत फार हाडं खिळखिळी होतात.