पंधरा वर्षांनंतर, म्हणे!

ज्या गोष्टीच्या शेवटी 'पंधरा वर्षांनंतर' असं येतं ना, ती लिहिणाऱ्याला मी कामचुकार म्हणते. तोंडावर म्हणेन. अरे, बाईला घराबाहेर काढलंस, पोर तिच्या कडेवर दिलंस, आणि ऐन वेळी तू कुठं पळालास? थेट सत्काराला!

गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूमुळं मला बारीक अक्षर दिसेना. म्हणून शेजारची लेक दुपारी येऊन कादंबरी वाचून दाखवायची. नवरा हात उचलायचा, म्हणून येवल्याचं सासर सोडून लहानग्या मुलीला घेऊन ती माहेरी आलेली. आणि भाऊ रोज म्हणे, "रविवारी पोचवून येतो." ही हो म्हणेना, नाहीही म्हणेना.

कादंबरीतली बाईही अशीच निघालेली. वाचता वाचता हिचा आवाज चढायचा. मला कळत होतं, ही मला नाही, स्वतःला वाचून दाखवतेय.

शनिवारी शेवट आला. बाई पोरीला घेऊन एसटी स्टँडच्या बाकावर बसली. पान उलटलं, तर पंधरा वर्षांनंतर! पोरगी मोठी अधिकारी, आई पैठणीत, टाळ्या. संपलं.

ती पानं मागंपुढं करत राहिली. "मावशी, मधली पानं गळालीत का?"

"गळाली नाहीत गं. लिहिलीच नाहीत मेल्यानं."

"पण त्या रात्री त्या झोपल्या कुठं? पोरीला शाळेत कसं घातलं? भाऊ काय म्हणाला?"

आता काय सांगू? येवल्याच्या सुनेला आयती पैठणी दाखवतोय हा! तिथं मागावर कापड कसं बोट बोट पुढं सरकतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

मी म्हटलं, "ठेव ते पुस्तक. कुरडयांचे गहू भिजत घातलेत. रोज पाणी बदलायला हवं. एक दिवस चुकला तर सगळी आळी नाकाला पदर लावील. पातेलं मला एकटीला उचलत नाही."

"उद्या रविवार आहे, मावशी."

"असू दे. रविवारी गहू सुट्टी घेतात होय?"

ती हसली. खूप दिवसांनी.

रविवारी भाऊ तिची बॅग घेऊन माझ्या दारात. "मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडले कुठं रे? बसलेय. आलाच आहेस तर पातेल्याची एक बाजू धर."

बिचाऱ्यानं धरली. दुसरी बाजू तिच्या हातात. पाणी ओतता ओतता, वर न बघताच ती म्हणाली, "दादा, मी येणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"तू नीट धर. गहू सांडतील."

बॅग तिथंच टाकून तो तणतणत निघून गेला.

पुढं काय झालं, विचाराल. पुढं सोमवार झाला. ती आली, आम्ही पाणी बदललं.