कोंडू सुताराची दोरी

धरणाच्या काठावर कोणाची होडी बिघडली की कोंडू सुताराला बोलावणं जातं. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा फटकळ. होडी कुठे दुखते हे सांगायच्या आधी ती कोणी दुखवली हे तो सांगतो, तेही चारचौघांत. निम्म्या होडीवाल्यांनी त्याच्या शिव्या खाल्ल्यात. तरी बोलावतात त्यालाच, कारण त्याचं निदान चुकत नाही.

यंदा चुकलं. मच्छीमार सोसायटीची फायबरची होडी या वर्षी वाडीवरच्या लहानी नावाच्या बाईकडे होती. तिने मशीनचा वेग वाढवला की होडी पळायची सोडून पुढचं टोक पाण्यात घालायची. तेल दुप्पट लागे, जाळ्यांपर्यंत पोचायला उशीर होई आणि अर्धी मासळी नरम पडे. दीड महिन्यापूर्वी कोंडूने काठावर उभ्या उभ्या निकाल दिला, "होडीला काय नाय झालं. हात कच्चा हाय." सोसायटीला तेवढं पुरे होतं. तरी फरक पडेना, तेव्हा येत्या सोमवारी बैठक घेऊन होडी तिच्याकडून काढून घ्यायची, असं ठरलं.

रविवारी सकाळीच लहानी त्याच्या दारात आली.

"कोंडूदादा, एकदा बसून तरी बघ. मंग खुशाल काढा."

कोंडू कुरकुरत निघाला. सोबत सोसायटीचा सेक्रेटरी भगीरथ होता. कोंडूने मशीन स्वतः धरलं, वेग वाढवला, आणि होडीने त्याच्या हाताखालीही तेच केलं. काठावर येऊन त्याने होडी पालथी घातली आणि तळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी तळाला टेकायला हवी होती. मागच्या अंगाला तिच्याखाली चार बोटं सहज शिरली. तळ आत दबला होता. असा तळ वेगात मागची बाजू उचलतो आणि पुढचं टोक खाली रेटतो. हात कोणाचाही असो.

"कारखान्याचंच काम कच्चं," भगीरथ म्हणाला. "तसं लिहू?"

कोंडूला वैशाखातलं आपलं अंगण दिसत होतं. होडीची कड चिरली म्हणून ती त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. दोन ओंडक्यांवर पालथी. जमिनीवर पेंढ्याला वाळवी लागते म्हणून त्याने वर्षाचा सगळा पेंढा तिच्यावरच रचला. मग अवकाळी पाऊस आला, पेंढा भिजून दगडासारखा जड झाला, आणि तो महिनाभर तसाच राहिला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर कोंडूने त्याचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला असता.

हो म्हटलं असतं तर सुटला असता. भगीरथने कागदही काढला होता. कोंडूला भयंकर लाज वाटली.

"नको लिहू," तो म्हणाला. "पेंढा माझा व्हता. मीच दाबली."

सोमवारी त्याने बैठकीत उभं राहून तेच पुन्हा सांगितलं. ज्यांना ज्यांना त्याने झापलं होतं ते सगळे समोर होते, आणि त्यांनी हसायचं काही बाकी ठेवलं नाही. होडी लहानीकडेच राहिली. तळ वर घेऊन आतून फळ्या बसवायचं काम कोंडूने अंगावर घेतलं.

बाहेर पडताना तो तिला म्हणाला, "आता तरी हस गो."

लहानी हसली नाही.

"तू बोललास ते मी खरं मानलं, दादा. दीड महिना मी माझ्याच हातांना शिव्या देत व्हते."