मांडव उतरवणारे चंपतराव

नागपुरात लग्नं भर उन्हाळ्यात का ठरतात याचं कारण पंचांगात सापडतं, शहाणपणात सापडत नाही. मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पण वरात दिसते. या हंगामावर ज्यांचं पोट चालायचं त्यांत चंपतराव निखाडे होते. सदरमधल्या एका गल्लीत 'निखाडे ब्रदर्स बिछायत केंद्र' अशी पाटी होती. बांबू, दोर, छताचं कापड, कनाती, सतरंज्या आणि धाकटा भाऊ गोविंदा, एवढा माल त्या दुकानात होता.

चंपतराव उंच, बारीक आणि अबोल. बांबूंच्या रांगेत उभे राहिले तर चटकन वेगळे ओळखू येत नसत. गोविंदा गोलमटोल आणि बोलका. गिऱ्हाईक गोविंदा आणायचा आणि मांडव चंपतराव उभा करायचे.

त्या काळी शहरातल्या सगळ्याच बिछायतवाल्यांची एक समजूत होती: मांडव जितका घट्ट तितका पक्का. दिवसभर पश्चिमेची लू वाहते. वऱ्हाडी मंडळी जेवायच्या आधी भाजून निघू नयेत म्हणून तीन बाजूंना कनाती आवळायच्या आणि चौथी बाजू येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवायची. लूपुरतं हे ठीक होतं. सहासष्ट-सदुसष्टच्या एका लग्नात संध्याकाळी आंधी आली ती नेमकी चौथ्या बाजूनं. आत शिरली. बाहेर पडायला वाट दिसेना म्हणून वर गेली, आणि जाताना छत घेऊन गेली. छताबरोबर उपटलेला एक बांबू रुपरावच्या खांद्यावर पडला.

रुपराव हा त्यांचा जुना कारागीर. हाड जुळलं, पण हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही, आणि मांडवातल्या गाठी सगळ्या खांद्याच्या वरच मारायच्या असतात. तेव्हापासून रुपराव दुकानात बसून सतरंज्यांच्या घड्या घालू लागला. त्यानं कधी तक्रार केली नाही. केली असती तर चंपतरावांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर चंपतराव आभाळाकडे पाहू लागले.

नागपूरच्या आंधीत गूढ असं काही नाही. जमीन तव्यासारखी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. बंगालच्या उपसागराकडून थोडी ओल आलेली असली तर या चढत्या हवेचा दुपारनंतर ढग होतो, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, आणि पाहता पाहता हिमालयाहून उंच. त्यातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी की बराचसा पाऊस वाटेतच वाळून जातो. पाणी वाळताना हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायानं. गार हवा जड असते. ती ढगाखालून धाडकन कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. ही आंधी. धूळ, पत्रे आणि पत्रावळी घेऊन ती पावसाच्या आधी पोचते.

चंपतरावांनी यासाठी एक खूण शोधली होती. मांडवाच्या सर्वांत उंच बांबूला ते जुन्या धोतराची पट्टी बांधायचे. वाढता ढग भोवतालची हवा आपल्याकडे ओढतो. त्यामुळे दिवसभर पूर्वेकडे फडफडणारी पट्टी आधी लोंबायची, मग उलटी, ढगाच्या दिशेनं वळायची. पट्टी वळली की चंपतराव छत उतरवायचे. जेवणं चालू असली तरी.

अडचण एवढीच की ढग काही रेल्वेगाडी नव्हे. अशा ढगाचं आयुष्य तासाभराचं असतं. तो कुठेही, अर्ध्या वाटेवरही, रिकामा होऊ शकतो. ढग आहे एवढं पट्टी सांगायची. त्याचा मुक्काम कुठे, हे ती सांगत नसे. त्यामुळे चंपतरावांनी मांडव उतरवला आणि आंधी आलीच नाही, असं पुष्कळदा व्हायचं. लोक त्यांना 'उतरवणारे निखाडे' म्हणू लागले. जरीपटका वस्तीतलं एक मोठं काम हातचं गेलं. तेव्हा गोविंदानं स्पष्ट सांगून टाकलं, की पुन्हा एकदा फुकटचा मांडव उतरला तर आपण वेगळे. चंपतरावांनी बरं म्हटलं. ते मान्य केलं की नुसतं ऐकलं, हे गोविंदाला कळलं नाही.

मग चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मधुकररावांच्या शामलाचं लग्न निघालं. मधुकरराव वीज खात्यात हेडक्लार्क. गोरज मुहूर्त होता, म्हणजे आंधीचीच वेळ. अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला, आणि पट्टी वळली.

चंपतराव शिडीवर चढले. गोविंदा खालून धावत आला.

"दादा, काहून चढून राहिला तू? अंतरपाट धरला ना तिकडे."

"पट्टी फिरली."

"पट्टी फिरली म्हणून लगन थांबते का?"

"लगन होऊ दे. छत तेवढं काढतो."

लग्नाआधी मांडव उतरवणं म्हणजे अपशकुन. नवरीची आत्या मनकर्णाबाई शिडीखाली येऊन उभी राहिली आणि अक्षतांची मूठ तशीच आवळून तिनं विचारलं, "काहून गा चंपत, तुले आमच्या पोरीचं बरं झालेलं पाहवत नाही का?"

"मुहूर्तमेढीले हात नाही लावला, बाई," चंपतराव वरून म्हणाले. "ते उभी आहे. बाकी नुसतं कापड आहे."

धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हे बिनतोड होतं. आंब्याचे डहाळे बांधलेला तो एकटा बांबू जागेवर राहिला आणि त्याच्या साक्षीनं शामलाचं लग्न उघड्या आभाळाखाली लागलं. आंधी आली नाही. ढग हिंगण्याच्या बाजूला कुठेतरी रिकामा झाला असावा. मांडवात त्याची गार झुळूक तेवढी आली, आणि ती सगळ्यांना फार आवडली. मधुकररावांना नाही आवडली.

दुसऱ्या दिवशी गोविंदानं वाटणी मागितली. ज्याला जे महत्त्वाचं वाटलं ते त्यानं घेतलं. गोविंदानं रंगीत छतं आणि कनाती घेतल्या. चंपतरावांनी बांबू, दोर आणि रुपरावला घेतलं. मधे एक पडदी उभी राहिली आणि दोन दुकानं झाली. नुसत्या कापडाचा किंवा नुसत्या बांबूंचा मांडव होत नाही, हे पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं. बोलणं बंद होतं. गिऱ्हाइकानंच या दुकानातून त्या दुकानात निरोप नेले.

हे पहिलं लग्न गोपाळराव नावाच्या गृहस्थांकडलं होतं. संध्याकाळी पट्टी वळली. चंपतराव शिडी घेऊन निघाले तेव्हा गोविंदा आडवा आला. महिन्याभरात पहिल्यांदाच बोलला.

"छत माझं आहे. हात लावू नको."

चंपतरावांनी वर पाहिलं. छत खरंच गोविंदाचं होतं. त्यांनी शिडी खाली ठेवली.

"दोर त् माझे आहेत," ते म्हणाले, आणि कनातींचे दोर सोडत मांडवाभोवती फिरले. कनाती खाली पडल्या. चारी बाजू उघड्या झाल्या. बायकांची पंगत रस्त्यावरून दिसू लागली, त्यावरून गोपाळरावांकडल्या मंडळींनी दोन्ही भावांना सारखंच बोलून घेतलं.

आंधी आली. बेताची होती. एका बाजूनं शिरली, पानातल्या जिलेब्यांवर धूळ टाकून दुसऱ्या बाजूनं निघून गेली. छत फुगलं, हललं, पण जागेवर राहिलं.

छत उतरवू दिलं नाही म्हणून लग्न छताखाली झालं, असं गोविंदा सांगू लागला. कनाती सोडल्या म्हणून छत राहिलं, असं चंपतराव म्हणायचे. खरं कोणाचं हे तपासायला शेजारी दुसरा मांडव हवा होता, त्याच दोरांचा, कनाती बांधलेला. तो खर्च गोपाळरावांनी केला नसता. पण पुढच्या लग्नापासून पट्टी वळली की चंपतराव कनाती सोडायचे आणि छताकडे पाहायचे नाहीत. गोविंदा छताखाली उभा राहून कनातींकडे पाहायचा नाही. या पद्धतीचा मांडव नागपुरात सर्वांत भरवशाचा म्हणून पुढं नावाजला. तो हवा असणाऱ्यांना दोन्ही दुकानांत वेगवेगळी सुपारी द्यावी लागे.